प्रतिसाद : बारा वर्षांच्या मुलाला निवासी फुटबॉल अकादमीत घालावं का?

तुमचा मुलगा निवड चाचणीत पास झाला, पण आठवीत वसतिगृहात ठेवायला मन धजत नाही, असं तुम्ही लिहिलंय. आमचा थोरलाही यातून गेलाय, म्हणून लिहितो.

आम्ही गोव्यातल्या फोंड्याचे. तो दोन वर्षं एका अकादमीत होता. मैदान, आहार, प्रशिक्षक उत्तम, तक्रार नाही. पण तेराव्या वर्षी टाच दुखायला लागली. उंची झपाट्याने वाढताना त्या वयात असं होतं, विश्रांती लागते. बाकावर बसवतील या भीतीने तो महिनाभर बोललाच नाही. घरी आला तेव्हा पावसात भिजलेल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबताना लंगडताना दिसला, तेव्हा आम्हाला कळलं. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा: पोरगं दुखावलं तर बघतो कोण, आणि जागा राहते का?

दुसरं, जन्ममहिना. वयोगट १ जानेवारीपासून मोजतात, त्यामुळे डिसेंबरातलं पोर जवळजवळ वर्षाने मोठ्या मुलांना भिडतं. धिप्पाड पोरांची निवड आधी होते, म्हणून तुमचा बारकुडा निवडला गेला असेल तर त्याच्या पायात खरंच काहीतरी आहे!

पैशाचं मात्र डोळे उघडे ठेवून बघा. २०१६ साली धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या गोव्याच्या तिन्ही क्लबांनी आय-लीग, म्हणजे देशपातळीवरची व्यावसायिक फुटबॉल स्पर्धा, सोडली. फुटबॉल राज्याचा खेळ असलेल्या गोव्यात ही गत. दहावी सोडू देऊ नका.

मी असतो तर एक वर्ष घरून येऊन-जाऊन करू दिलं असतं. तुमच्या गावाहून संध्याकाळची कदंबा बस मिळते का?