क्लचच्या कामानंतर कंप : इंजिन माउंटिंग आधी तपासावे की सबफ्रेम?

आमच्या पेट्रोल हॅचबॅकच्या (आडवे इंजिन, पुढच्या चाकांना ड्राइव्ह, मॅन्युअल गिअर) क्लचचे काम ठाण्यातील एका खासगी गॅरेजमध्ये नुकतेच करून घेतले. क्लच उत्तम लागतो, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र गिअरबॉक्स उतरवताना डावे माउंटिंग (इंजिन-गिअरबॉक्स पेलणारा रबरी आधार), खालचा टॉर्क रॉड (इंजिनाला पुढे-मागे झुकू न देणारा दांडा) आणि पुढची सबफ्रेम (बॉडीला खालून बोल्टांनी जोडलेला सांगाडा) सोडवावी लागली होती आणि गाडी हाती आल्यापासून दोन गोष्टी खटकत आहेत.

माजिवड्याच्या सिग्नलला एसी चालू ठेवून थांबले, की स्टिअरिंग थरथरते आणि आतल्या आरशात मागच्या गाडीचा नंबरही धड वाचता येत नाही. अ‍ॅक्सिलरेटर किंचित दाबला की कंप नाहीसा होतो. क्लच दाबला काय, सोडला काय, फरक पडत नाही. त्यामुळे ‘फाउंडेशन (म्हणजे माउंटिंग) ओके आहेत, नवीन क्लच आहे, बसेल हळूहळू’ हे गॅरेजचे उत्तर मला पटलेले नाही. स्कॅनरवर कोणताही कोड आला नाही आणि प्लगही नवे आहेत.

दुसरे म्हणजे, घोडबंदर रस्त्यावर सरळ जाताना स्टिअरिंग उजवीकडे कललेले राहत होते. अलाइनमेंट केल्यावर ते सरळ झाले, परंतु कागदावर डावा कॅम्बर (चाकाचा उभा कल; उणे म्हणजे चाकाचा तळ बाहेर, माथा आत) उणे एक अंश आणि उजवा जवळजवळ शून्य आहे. कामापूर्वीच्या कागदावर दोन्ही आकडे सारखे होते. ‘रेंजमध्ये आहे,’ असे सांगून त्यांनी विषय संपवला. शिवाय या गाडीत पुढे फक्त टो (वरून पाहता चाकांची पुढची बाजू किती आत वा बाहेर वळलेली आहे ते) बदलता येतो, कॅम्बरची सोय नाही.

गाडी रॅम्पवर असताना खालून पाहिले, तर सबफ्रेमच्या एका बोल्टाच्या वॉशरशेजारी जुन्या वॉशरचा स्वच्छ ठसा चंद्रकोरीसारखा बाहेर दिसत होता. बोल्टांची भोके थोडी सैल असतात, त्यामुळे खुणा न करता सबफ्रेम चढवली, तर ती काही मिलिमीटर सरकू शकते. ती डावीकडे सरकली असेल, तर चाकांना खालून धरणारे आर्म तिच्यावरच बसलेले असल्याने डाव्या चाकाचा तळ बाहेर आणि उजव्याचा आत जाईल. कागदावरचे आकडे नेमके तेच सांगतात.

माउंटिंगची चाचणीही घेतली. बोनेट उघडून, हँडब्रेक ओढून आणि ब्रेक दाबून पहिल्या व रिव्हर्स गिअरमध्ये क्लच जरासा सोडला. इंजिन थोडे झुकते, उसळत नाही, आणि रबरालाही चीर दिसत नाही. म्हणजे माउंटिंग फाटलेले नसून ताणलेल्या स्थितीत आवळले गेले असावे, असा माझा तर्क आहे.

जाणकारांना विचारायचे आहे ते क्रमाबद्दल. टॉर्क रॉड सबफ्रेमलाच जोडलेला असल्याने आधी सबफ्रेम मध्यावर आणावी, मग माउंटिंगचे बोल्ट सैल करून, इंजिनाचे वजन माउंटिंगवर नीट बसू देऊन ते बोल्ट टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळण्याच्या पान्याने) आवळावेत आणि शेवटी टो लावावा, हा क्रम बरोबर आहे का? की आधी केवळ माउंटिंग सैल करून कंप जातो का, हे पाहणे शहाणपणाचे ठरेल? तोपर्यंत गाडी रोज ऐरोलीपर्यंत न्यावी लागते. अशा तिरक्या स्थितीत ड्राइव्ह शाफ्टच्या (गिअरबॉक्सपासून चाकापर्यंतच्या दांड्याच्या) आतल्या जॉइंटवर किंवा सायलेन्सरच्या लवचीक पाइपवर ताण येऊन नवे काम निघण्याचा धोका कितपत आहे? ठाणे, तुर्भे किंवा वाशी भागात सबफ्रेम मोजून बसवणारे कोणी माहीत असल्यास कृपया कळवावे.