भंडारदऱ्याला तंबूत दोन रात्री, जेवणाचं सोपं काय काय करता येईल?

गोधडी
डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात भंडारदऱ्याला जायचं ठरतंय. आम्ही दोघं, मुलगी ९ वर्षांची, मुलगा ५ चा आणि सासूबाई पण येतायत (खरंतर सगळ्यात जास्त उत्साह त्यांनाच आहे). तंबू आपले आपणच नेणार, रतनवाडीच्या बाजूला ओळखीतल्या एकांच्या शेतात लावायचेत, म्हणजे पॅकेजवाल्यांसारखं बार्बेक्यू-बिर्बेक्यू काही नाही, सगळं आपलं आपण. कल्याणहून शुक्रवारी दुपारी निघून संध्याकाळी पोचू, रविवारी जेवून परत. शेगडी ती कॅनवाली पोर्टेबल, एकच बर्नर, आणि एक साधा आइसबॉक्स आहे. नवऱ्याचं म्हणणं मॅगी आणि ब्रेड-बटर घ्या, विषय संपला. पण दोन दिवस मॅगी मला नको आणि सासूबाईंना रात्री भात लागतोच, आणि तिकडे जाऊन मला तासन्‌तास कांदे चिरत पण बसायचं नाहीये, त्यासाठी घर काय वाईट आहे! तर पटकन होईल, पोरं खातील, भांडी कमी पडतील असं सुचवा. शाकाहारी, अंडी चालतात.

तव्यावरची
अगं निम्मा स्वयंपाक घरीच कोरडा करून ने, मग तिथे नुसतं पाणी उकळायचं काम उरतं. उपम्याचा रवा नुसता भाजू नकोस, आधी तेलात मोहरी, उडीद डाळ, हिंग, सुकी मिरची आणि कढीपत्ता अगदी कुरकुरीत होईस्तोवर, मग त्यातच रवा खमंग भाजायचा, मीठ-साखर घालायची, पूर्ण गार झाल्यावर डब्यात. तिथे १ वाटी मिश्रणाला अडीच वाट्या उकळतं पाणी, झाकण, पाच मिनिटं, झालं. पिठल्याचं पण तसंच, बेसन मंद आचेवर कोरडं भाजून त्यात तिखट, हळद, मीठ, जिरेपूड आणि तळून कुस्करलेला लसूण. फक्त ते उकळत्या पाण्यात टाकू नकोस, गुठळ्या होतात, आधी गार पाण्यात कालवायचं आणि मग शेगडीवर ठेवून हलवत राहायचं.

शुक्रवारी रात्री काही शिजवायचंच नाही. तंबू लावेपर्यंत अंधार पडतो, मुलं भुकेने कावलेली असतात. दशम्या ने, दुधात भिजवलेल्या, त्या थंडीत दोन दिवस आरामात राहतात, सोबत शेंगदाण्याची चटणी, दही, लोणचं.

सासूबाईंच्या भातासाठी शनिवारी रात्री खिचडी. छोटा ३ लिटरचा कुकर न्यायचा, जड वाटला तरी न्यायचा, गॅस वाचतो. २ वाट्या तांदूळ, १ वाटी मुगाची डाळ एका पिशवीत आणि गोडा मसाला, हळद, मीठ वेगळ्या पुडीत, नाहीतर तांदूळ धुताना मसाला पाण्याबरोबर जातो. तूप छोट्या बरणीत. पापड तिथे नुसते आचेवर भाजायचे, पोरांना तेच काम द्या.

उनाड_पाय
जेवणाचं वरच्या ताईंनी सांगितलंच, मी शेगडीचं सांगतो कारण सगळे तिथे अडकतात. त्या कॅनमध्ये ब्यूटेन असतो, तो थंडीत नीट वायू होत नाही, आणि डिसेंबरात पहाटे तलावाकाठी चांगलंच गारठतं, मग चहाच्या वेळेला ज्योत मिणमिणती. रात्री कॅन कपड्यांच्या बॅगेत गुंडाळून ठेवायचा, सकाळी शेगडीत लावायचा. गरम पाण्यात बुडवणं वगैरे उद्योग करू नका. २२५ ग्रॅमचा कॅन पूर्ण आचेवर साधारण दीड तास जातो, पाच माणसांना ३ न्या. वाऱ्याला आडोसा करा पण चारी बाजूंनी शेगडी झाकू नका, कॅन तापतो, आणि मोठा पसरट तवा ठेवला तरी तेच होतं. वारा कितीही असू दे, तंबूच्या आत शेगडी पेटवायची नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, कळतच नाही.

भाजी, कोथिंबीर घरून नेऊ नका, वाटेत घोटीच्या बाजारात ताजी मिळते.

अलिबागकर_पोपटीवाला
डिसेंबर आहे आणि पोपटीचं कुणी नाव काढत नाही?? मडकं घ्यायचं, तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा, मध्ये बटाटे, रताळी, अंडी, परत पाला आणि तोंड पाल्यानेच गच्च बंद. मडकं जमिनीवर पालथं घालायचं आणि भोवती पेंढा, काटक्या पेटवायच्या. पाण्याचा एक थेंब नाही आत. अर्ध्या तासाने मडक्यावर पाणी शिंपडायचं, चर्र झालं की काढा. भांडी शून्य! भांबुर्डा तिकडे मिळेल याच्या भरवशावर राहू नका, आमच्याकडे शेताच्या बांधावर असतो तसा सगळीकडे नसतो, आधीच आणून ठेवा. अंडी पाल्यात नीट गुंडाळा नाहीतर फुटतात.

उनाड_पाय
पोपटी भारीच, पण तो सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याला लागून आहे, काही गावं तर हद्दीतच येतात. शेतमालकांना आधी विचारा आग पेटवलेली चालते का, त्या दिवसांत गवत वाळलेलं असतं.

सरळ_सोट
मला कळत नाही एवढा खटाटोप कशाला. ज्यांच्या शेतात राहताय त्यांनाच सांगा की भाकरी, पिठलं, ठेचा करायला, पैसे द्या, त्यांनाही चार पैसे मिळतील. कॅम्पिंग म्हणजे घरचा स्वयंपाक उन्हातान्हात करणं असं कुठे लिहिलंय?

तव्यावरची
@सरळ_सोट एका वेळेला तर नक्कीच सांगावं. शनिवारी सकाळी अमृतेश्वराच्या देवळात जातीलच, तिथून आल्यावर दुपारी आयती भाकरी म्हणजे सुख. पण तिन्ही त्रिकाळ नको, पोरांना स्वतः शेगडीपाशी लुडबुडायचं असतं.

सॅनहोजेची_सखू
इकडे कॅलिफोर्नियात आमचा मराठी ग्रुप कॅम्पिंगला जातो. योसेमिटीत अस्वलांमुळे खाणंच नाही तर टूथपेस्टसुद्धा लोखंडी पेटीत ठेवावी लागते, तुम्हाला अस्वलं नाहीत पण माकडं आणि कुत्री असतील ना, तर रात्री सगळं गाडीत. आइसबॉक्ससाठी सुटा बर्फ घेऊ नका, वितळला की डबे पाण्यात पोहतात. पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा, वितळतील तसं तेच प्यायचं. आम्ही राजमा पण झिपलॉकमध्ये चपटा गोठवून नेतो, तो दुसऱ्या दिवशीपर्यंत बर्फाचंच काम करतो आणि मग नुसता गरम करायचा. पण तुमच्या साध्या बॉक्समध्ये तो शनिवारी दुपारपर्यंत संपवा, पुढे ठेवू नका.

गोधडी
वा, एकदम कामाचं मिळालं! शुक्रवारी दशम्या, शनिवारी सकाळी उपमा, दुपारी शेतमालकांकडच्या काकूंना भाकरीचं सांगते, रात्री खिचडी. पोपटीचं वाचून नवरा मॅगी विसरलाय, शेतमालकांना फोन पण लावला, खळ्यात चालेल म्हणाले, घरच्यांसमोर आणि पाण्याची बादली जवळ ठेवून. मग ती शनिवारी संध्याकाळी खिचडीच्या आधी. रविवारी सकाळी अंडी, आणि दुपारी निघताना थालीपीठ करावं म्हणते. भाजणी घरून मळून नेऊ का?

तव्यावरची
अजिबात नको, दोन दिवसांत आंबेल, आणि कांदा घातला असेल तर पाणी सुटून नुसता चिखल. कोरडी भाजणी, तीळ, तिखट, मीठ एकत्र करून ने, तिथे एक कांदा आणि घोटीची कोथिंबीर बारीक चिरून तेव्हाच मळ. थापायला दुधाची पिशवी कापून धुऊन ने, पोळपाट लागत नाही. तेल लावून त्यावर थाप, मध्ये बोटाने भोकं पाड आणि पिशवीसकट तव्यावर उलटं करून पिशवी पटकन सोडव. तवा गार असतानाच हं, मग शेगडी पेटव. दुसऱ्या थालीपिठाच्या आधी तव्यावर पाण्याचा हबका मारून तो निववायचा.