छातीचं हाड न कापता बायपास, बाबांना जमेल का?

बाबा ६८. अँजिओत एलएडी (हृदयाच्या पुढच्या बाजूची मुख्य रक्तनळी) सुरुवातीलाच ९०% ब्लॉक निघाली आणि उजव्या नळीतही एक ब्लॉक आहे. सर्जन म्हणाले बायपासच करा. आता भाऊ हटून बसलाय की हल्ली बरगड्यांमधून करतात मग छाती कशाला फाडायची. बाबांना शुगर आहे, सिगारेट १० वर्षांपूर्वी सुटली पण जिना चढताना अजून धाप लागते. खरंच सोपं असतं का की नुसती जाहिरात?

— हार्ट-लंग मशीन (हृदय थांबवलं की रक्त फिरवणारं) चालवतो, म्हणजे या ऑपरेशनला मी बहुतेक वेळा मशीन तयार ठेवून नुसता बसलेला असतो 😀 कारण हृदय चालूच असतं. डाव्या बरगड्यांमधून ५-८ सेंमीचा छेद घेतात, छातीच्या आतली लीमा नावाची धमनी सोडवून एलएडीला जोडतात. एकट्या एलएडीला हे झकास. दुसऱ्या नळ्यांपर्यंत त्या फटीतून पोचणं अवघड, काही सर्जन करतात पण त्यात हात बसलेला पाहिजे. नाहीतर हायब्रिड, एलएडीला लीमा आणि उजवीकडे स्टेंट. शुगरवाल्यांना हाडाची जखम चिघळायची भीती जास्त असते, ती इथे टळते हा मोठा फायदा. पण डावं फुप्फुस मिटवून एकाच फुप्फुसावर श्वास चालवावा लागतो, तेव्हा धाप आधी तपासा.

— माझी अशीच झाली. "छोटा छेद म्हणजे दुखत नाही" हे कोणी सांगितलं तर ऐकू नका, बरगड्या फाकवतात, पहिले काही दिवस खोकला आला की जीव जायचा. पण हाड जुळायला जे ६-८ आठवडे वजन उचलायचं नाही, कूस बदलायची नाही, ते काही नव्हतं.

— छाती उघडून केलेल्याला उगाच बदनाम करू नका हो. तीन-चार ग्राफ्ट (ब्लॉकच्या पुढे रक्त नेणाऱ्या जोडनळ्या) लावायचे असतील तर समोर सगळं नीट दिसायला हवं, एखादी नळी सोडून दिली तर लहान टाका घेऊन काय चाटायचंय? आणि मध्येच अडलं तर हाड उघडावंच लागतं, ती संमती आधीच घेतात.

— (प्रश्नकर्ता) धन्यवाद सगळ्यांना. म्हणजे आधी फुप्फुसाची टेस्ट, मग उजवा ब्लॉक स्टेंटने होतो का ते विचारायचं. भावाला हेच वाचायला दिलंय, सध्या गप्प आहे.