आजोबांची चामड्याची क्लब खुर्ची: दुरुस्ती करावी की रेक्झिन चढवावे?

तापीकाठ (भुसावळ):
रेल्वेत नोकरी केलेल्या माझ्या आजोबांनी एका जुन्या बंगल्यातील सामानाच्या लिलावात घेतलेली चामड्याची क्लब खुर्ची आमच्या दिवाणखान्यात आहे. तिची पाठ बुटकी, हात रुंद आणि गोलसर आहेत. आजोबा वर्तमानपत्र वाचताना उजव्या हातावर जिथे तळवा टेकवत, तिथले चामडे गडद होऊन गुळगुळीत झाले आहे. आता बैठक खचली आहे आणि डाव्या हाताला भेगा पडल्या आहेत. कारागीर म्हणतात की सगळे काढून फोम आणि रेक्झिन बसवू. मला ते पटत नाही. यातले काय वाचवता येईल?

सागवान (जळगाव):
मी हेच काम करतो, म्हणून विनंती करतो की फोम बसवू नका. बैठक खचली म्हणजे स्प्रिंगा संपल्या असे नसते. खुर्ची उलटी करून तळाचे कापड सोडवा. आत तागाच्या ताणलेल्या पट्ट्या दिसतील, त्यांवर मधे बारीक आणि दोन्ही टोकांना रुंद अशा पोलादी स्प्रिंगा शिवलेल्या असतील. त्या उभ्या, आडव्या आणि तिरप्या सुतळीने एकमेकींना बांधलेल्या असतात, वर गोणपाट आणि त्यावर काथ्या किंवा घोड्याचे केस असतात. बहुतेक वेळा पट्ट्या सैल झालेल्या आणि सुतळी तुटलेली निघते. ती बदलली की त्याच स्प्रिंगा पुन्हा उभ्या राहतात. हाताने घडवलेली खुर्ची टिकते ती यामुळेच, तिचा प्रत्येक थर उलगडून पुन्हा बांधता येतो. लाकडी सांगाडा मात्र हलवून पाहा. सांधे डुगडुगत असतील तर आधी ते पक्के करावेत.

गिरणाकाठ (चाळीसगाव):
चामड्याविषयी थोडे सांगतो. फ्रान्समध्ये १९२० आणि १९३०च्या दशकांत लोकप्रिय झालेल्या अशा खुर्च्यांवर बहुधा मेंढीचे कातडे असे, आणि वापराने येणारी त्याची झाक हेच आजही त्यांचे मोल मानले जाते. आपल्या मे महिन्यात रेक्झिन पाठीला चिकटते, चामड्यातून हवा खेळते. पण हाच उन्हाळा चामड्यातील तेल सुकवतो, म्हणून खुर्ची पश्चिमेच्या खिडकीजवळ ठेवू नये आणि कूलरच्या झोतासमोरही नको, कारण ओलाव्याने बुरशी धरते. भेगांवर बोट फिरवून पाहा. तांबूस भुकटी लागली तर ते चामडे आतून कुजले आहे आणि तेवढा तुकडा बदलावाच लागेल. तसे नसेल तर चामड्यासाठीचे मेण न दिसणाऱ्या कोपऱ्यावर आधी लावून पाहावे. खोबरेल नको, चामडे काळवंडते.

तापीकाठ (भुसावळ):
आपले दोघांचे मनापासून आभार. आज खुर्ची उलटी केली. तागाच्या दोन पट्ट्या तुटल्या आहेत, स्प्रिंगा सगळ्या शाबूत आहेत आणि बोटाला भुकटी लागली नाही. डाव्या हाताच्या बाजूलाच आमची पश्चिमेची खिडकी आहे, हे इतकी वर्षे लक्षात आले नव्हते. खुर्ची तिथून हलवली आहे. जळगावला दाखवायला आणली तर चालेल का?