जिप्सीच्या पुढच्या ॲक्सलसाठी लिंक सस्पेन्शन: थ्री-लिंक, रेडियस आर्म की तिरक्या चार लिंक?

पाटेमुक्त: नमस्कार. माझ्या मारुती जिप्सीचे दोन्ही ॲक्सल सलग (दोन चाकांना जोडणारे एकच अखंड) असून पाट्यांवर, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगवर, आहेत. गाडी आता केवळ स्पर्धेसाठी ठेवली आहे आणि ती ट्रकवर चढवूनच मैदानावर नेतो. टायर ३० इंची, म्हणजे ७६२ मिलिमीटर व्यासाचे आहेत आणि चालकासह वजन सुमारे १२५० किलो भरते. पुढचे पाटे काढून कॉइल स्प्रिंग बसवायचे आहेत. पॅनहार्ड रॉडमुळे (चासी व ॲक्सल यांना जोडणारा आडवा दांडा) ॲक्सल बाजूला सरकतो असे वाचल्यामुळे मी तिरक्या चार लिंकची, म्हणजे ॲक्सलला चासीशी धरणाऱ्या दांड्यांची, मांडणी टॅक करून (तात्पुरते वेल्डचे ठिपके देऊन) पाहिली. पण एक चाक दगडावर चढले की स्टिअरिंग हातात आपोआप फिरते. चूक कोठे आहे, आणि सुझुकी जिम्नीसारखे रेडियस आर्म (प्रत्येक बाजूला ॲक्सल धरणारा एकच लांब आर्म) अधिक योग्य ठरतील का?

ओळंबा: पुढच्या ॲक्सलची आखणी लिंकपासून नव्हे, तर स्टिअरिंगपासून सुरू करावी लागते. स्टिअरिंग बॉक्सच्या पिटमन आर्मपासून पलीकडच्या चाकाकडे जाणारा ड्रॅग लिंक चाक वर-खाली होताना कंसात फिरतो, तर तिरक्या चार लिंक ॲक्सलला जवळपास सरळ उभ्या रेषेत हलवतात. या दोन मार्गांतला फरक चाकांना वळवतो आणि तोच तुमच्या हाताला जाणवतो. ती मांडणी पूर्ण हायड्रॉलिक स्टिअरिंग (दांड्यांऐवजी तेलाच्या दाबाने चाके वळवणारे) असेल तरच पुढे चालते. तुमच्यासाठी पॅनहार्ड हा दोष नसून गरज आहे: त्याचे चासीकडचे टोक स्टिअरिंग बॉक्सच्याच बाजूला घ्या, आणि तो ड्रॅग लिंकला समांतर व शक्य तितका समान लांबीचा ठेवा, म्हणजे दोघे एकाच कंसात फिरतील. बाजूला सरकण्याची भीतीही मोजून पाहा. ८५० मिलिमीटर लांबीचा, आडवा बसवलेला रॉड १०० मिलिमीटर हालचालीत ॲक्सलला केवळ सुमारे ६ मिलिमीटर सरकवतो.

लेथवरचा: रेडियस आर्म बनवायला सोपे आणि रस्त्यावर स्थिर असतात, हे मान्य. परंतु प्रत्येक आर्म ॲक्सलला दोन बुशांनी (रबरी सांध्यांनी) घट्ट धरतो, त्यामुळे एक चाक वर आणि दुसरे खाली गेले की दोन्ही आर्म ॲक्सलला परस्परविरुद्ध पिळू पाहतात आणि तो पीळ बुशांनाच पोटात घ्यावा लागतो. शिवाय ८०० मिलिमीटरच्या आर्मवर ॲक्सल १०० मिलिमीटर खाली गेला, तर कॅस्टर (चाक वळण्याच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) सुमारे ७ अंशांनी कमी होतो. स्पर्धेच्या गाडीसाठी मी थ्री-लिंकच (खाली दोन, वर एक लिंक आणि जोडीला पॅनहार्ड) निवडेन, मात्र वरच्या एकट्या लिंकवर येणारा भार आधी काढा. ब्रेक दाबताना पुढच्या चाकांवर ९०० किलो आणि घर्षणांक ०.८ धरला, तर जमिनीशी ७२० किलोंचे बल मिळते. खालच्या लिंकचा सांधा जमिनीपासून ३०० मिलिमीटरवर आणि वरचा त्याहून १९० मिलिमीटर उंच असेल, तर वरच्या लिंकवर सुमारे ११४० किलो येतात. तेच अंतर जागेअभावी १२० केले तर १८०० होतात. टायरच्या व्यासाच्या पाव भागाइतके अंतर ठेवावे, हा ठोकताळा यासाठीच आहे. खड्ड्यातला धक्का या आकड्यांत धरलेला नाही, म्हणून नळी व बोल्ट निवडताना हात आखडू नका. वरचा ब्रॅकेट ॲक्सलच्या नळीवर थेट वेल्ड न करता आधी ट्रस (नळीला बळकटी देणारा सांगाडा) बांधा, नाहीतर वेल्डच्या उष्णतेने आणि भाराने नळी वाकते.

पाटेमुक्त: दोघांचे मनापासून आभार. पाट्यांच्या वरचा ॲक्सल आणि इंजिनचे सम्प (तळाची तेलाची टाकी) यांमध्ये जागा फारच थोडी आहे. पॅनहार्ड तेथे मावेल का?

ओळंबा: स्प्रिंग न बसवता पाहिल्याशिवाय ते कळणार नाही. चासी स्टँडवर समतल ठेवा, लिंक केवळ टॅक करा, आणि दोन जॅकवर ॲक्सल पूर्ण वर, पूर्ण खाली, मग एक बाजू वर व दुसरी खाली असा फिरवा. प्रत्येक स्थितीत ओळंबा सोडून चाकाची जागा मोजा, आणि पॅनहार्ड, सम्प व डिफरेन्शियल यांच्यात किमान २५ मिलिमीटर मोकळीक राहते का ते पाहा. ती राहत नसेल तर पॅनहार्ड खाली घेऊन ड्रॅग लिंकशी असलेली समांतरता मोडण्याऐवजी बंप स्टॉप (ॲक्सलची वरची हालचाल अडवणारा ठोकळा) लांब करा. वरची थोडी हालचाल गेली तरी चालेल. प्रॉपेलर शाफ्टचे सांधे पूर्ण खालच्या स्थितीत अडकत नाहीत ना, हेही तेव्हाच हाताने फिरवून पाहा आणि त्यानंतरच पक्के वेल्डिंग करा.