चाकाचा वेग आणि जमिनीवरचा खरा वेग
मागच्या चाकाचे फेरे चुंबकाने मोजले की ट्रॅक्टरचा वेग कळतो, असे एक मत आहे; ते डांबरी रस्त्यापुरते ठीक आहे. आपल्या विदर्भातील काळ्या जमिनीत ओल असताना नांगर ओढणारे चाक घसरते आणि मोजणी प्रत्यक्षापेक्षा जास्त वेग दाखवते. खऱ्या वेगासाठी ४० किलोहर्ट्झचा अल्ट्रासॉनिक (कानाला ऐकू न येणारा) ध्वनी जमिनीकडे ४५ अंशांत तिरपा सोडून परतलेल्या ध्वनीच्या वारंवारितेतील फरक मोजावा लागतो. ताशी ५ किलोमीटरला तो सुमारे २३० हर्ट्झ भरतो. गाडी मागे घेताना अंतर सांगणारा स्वस्त सेन्सर येथे जसाच्या तसा चालणार नाही, कारण तो तुटक स्पंदने सोडतो आणि वारंवारितेतील हा बारीक फरक नीट मोजायला ध्वनी सलग हवा.

खरी अडचण तापमानाची आहे. हवेतील ध्वनीचा वेग १० अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे ३३७ मीटर, तर ४५ अंश सेल्सिअसला सुमारे ३५८ मीटर असतो. त्यामुळे पौषातल्या सकाळी जुळवलेले यंत्र वैशाखात (आणि आपला वैशाख सर्वांना ठाऊक आहे) सुमारे ६ टक्के कमी वेग दाखवील. म्हणून सोबत तापमापक हवाच. ट्रॅक्टर झुकल्याने येणारी चूक, एक सेन्सर पुढे व दुसरा मागे रोखून सरासरी घेतल्यास, बरीचशी कटते. उभ्या सोयाबीनमध्ये मात्र वाऱ्याने हलणारी पानेच ध्वनी परतवतात, तेथे या आकड्यावर मी विसंबणार नाही.