पहिल्या क्रूझची तयारी: सासूबाईंना सोबत नेताना

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

येत्या सुट्टीत मी, माझे यजमान, आमची १० वर्षांची मुलगी आणि ७१ वर्षांच्या सासूबाई असे चौघे सात रात्रींच्या क्रूझला जाण्याचा विचार करीत आहोत. आमच्यापैकी कोणीही आजवर मोठ्या जहाजाने प्रवास केलेला नाही. सासूबाईंना वळणावळणाच्या रस्त्यावर मोटारीतही मळमळते, त्यामुळे आठवडाभर समुद्रावर त्यांचे हाल तर होणार नाहीत ना, ही आमची मुख्य धास्ती आहे. केबिन कोणती घ्यावी, कोणती तयारी निघण्यापूर्वीच करून ठेवावी आणि जहाजावर गेल्यावर कशाकडे लक्ष द्यावे, याविषयी अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

---

ताई, सप्रेम नमस्कार.

आमच्या पहिल्या क्रूझला माझी आई सोबत होती आणि तिचे वय तेव्हा ७८ होते, म्हणून तुमची काळजी मला नीट समजते. मळमळीपासूनच सुरुवात करतो, कारण पुष्कळ लोक केवळ त्या भीतीने हा बेत रद्द करतात.

आतल्या कानाला हालचाल जाणवते, पण समोरची भिंत स्थिर दिसते. कान आणि डोळे यांच्या या विसंगतीतून मळमळ होते. म्हणून उपायही त्याच दिशेने करावा लागतो. जहाज सी-सॉच्या फळीप्रमाणे हलते, म्हणजे टोकांना जास्त आणि मध्ये कमी. त्यामुळे केबिन लांबीच्या मधोमध आणि शक्यतो खालच्या मजल्यावर घ्यावी. हल्लीच्या बहुतेक प्रवासी जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखासारखे स्टॅबिलायझर असतात, त्यांच्यामुळे आडवे डोलणे बरेच कमी होते. पुढे-मागे होणारी हालचाल मात्र त्यांनी फारशी थांबत नाही. मळमळीचे औषध त्रास सुरू होण्यापूर्वी घेतले तरच नीट लागू पडते. त्यातल्या काही औषधांनी झापड येते आणि इतर गोळ्यांशी त्यांचे जमतेच असे नाही, म्हणून सासूबाईंच्या डॉक्टरांना आधी विचारून ठेवावे.

आमच्या प्रवासात दुसऱ्या दिवशी दुपारी समुद्र खवळला. कपाटातले हँगर एका लयीत एकमेकांवर आपटू लागले, टेबलावरच्या पेल्यातले पाणी आधी एका कडेला आणि मग दुसऱ्या कडेला चढू लागले, आणि आई डोळे मिटून पडून राहिली. मी तिला हाताला धरून मधल्या मजल्यावरच्या मोठ्या खिडकीपाशी नेऊन बसवले आणि क्षितिजाच्या रेषेवर नजर ठेवायला सांगितले. पाऊण तासाने ती शेजारच्या बाईंशी बोलू लागली. त्यानंतर उरलेल्या प्रवासात तिला औषधाची गरज पडली नाही. प्रत्येकाचे असेच होईल असे मी म्हणणार नाही, पण आजारी माणसाला बंद केबिनमध्ये निजवून ठेवणे हा सर्वांत वाईट उपाय आहे, हे मी खात्रीने सांगतो.

आता निघण्यापूर्वीचे काम. बंदराच्या शहरात आदल्या दिवशी पोहोचा. आम्ही त्याच दिवशी सकाळच्या विमानाने निघालो, विमानाला पाच तास उशीर झाला आणि धक्क्यावरचे नोंदणीचे काउंटर बंद होण्याच्या जेमतेम दहा मिनिटे आधी आम्ही आत शिरलो. जहाज कोणासाठी थांबत नाही. पासपोर्टची मुदत प्रवास संपल्यानंतर किमान सहा महिने उरलेली असावी. व्हिसा पाहताना एक गोष्ट हटकून विसरली जाते: एखाद्या देशातून निघून, मध्ये दुसऱ्या देशाच्या बंदराला लागून, जहाज पुन्हा पहिल्या देशात येणार असेल, तर अनेकदा एकाच प्रवेशाचा व्हिसा पुरत नाही. तुमच्या मार्गावरील प्रत्येक बंदरासाठी हे तपासून घ्या. विम्यामध्ये समुद्रावरून रुग्णाला हलवण्याचा खर्च अंतर्भूत असावा. जहाजावर डॉक्टर असतात, परंतु त्यांची फी वेगळी पडते आणि मोठ्या उपचारांसाठी किनारा गाठावाच लागतो.

पहिल्या दिवशी मोठ्या बॅगा धक्क्यावरच ताब्यात घेतल्या जातात आणि केबिनपाशी कधी कधी संध्याकाळपर्यंत पोहोचतात. सासूबाईंची औषधे, सर्व कागदपत्रे आणि मुलीचा पोहण्याचा पोशाख हातातल्या पिशवीतच ठेवा. इस्त्री, किटली आणि सर्ज प्रोटेक्टर असलेली एक्स्टेंशन बोर्डे सहसा काढून घेतली जातात, कारण जहाजावर आगीइतकी दुसरी कशाची भीती नाही.

सुरक्षेची कवायत, म्हणजे संकटात कुठे जमायचे आणि काय करायचे याचा सराव, मनापासून करा, ही माझी कळकळीची विनंती आहे. टायटॅनिक १९१२ मध्ये बुडाल्यानंतर १९१४ मध्ये सागरी सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार झाला. तरीही कवायत प्रवासी चढल्यापासून चोवीस तासांच्या आत केली तरी चालेल, अशी मुभा पुढे अनेक वर्षे होती. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या जिल्यो बेटाजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज खडकावर आदळले, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत व्हायची होती. त्या दुर्घटनेत ३२ जण मृत्युमुखी पडले. २०१५ पासून ही कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेणे बंधनकारक आहे. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा हा इशारा मुलीला पाठ करायला लावा, आणि जमण्याच्या ठिकाणापर्यंत सासूबाईंना एकदा प्रत्यक्ष चालवून आणा.

बाकीचे थोडक्यात सांगतो. बंदर सोडताच फोन विमान मोडवर टाका, नाहीतर तो जहाजाच्या उपग्रह नेटवर्कला जोडला जाऊन मोठे बिल येऊ शकते. जेवणापूर्वी हात साबणाने धुवा. उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरसवर नुसते जंतुनाशक जेल पुरेसे पडत नाही. बंदरात उतरताना घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा, कारण किनाऱ्यावरची वेळ वेगळी असू शकते. जहाजामार्फत घेतलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज सहसा वाट पाहते. स्वतः ठरवलेल्या गाडीसाठी ते थांबत नाही, तेव्हा तसे गेलात तर दोन तास तरी हाताशी राखून परत या.

बाल्कनीवर मी पैसे घालणार नाही. आम्ही केबिनमध्ये झोपण्यापुरतेच असायचो. त्याऐवजी रोज पहाटे उठून वरच्या डेकवर जा. बंदर जवळ आले की एक लहानशी बोट वेगाने येऊन जहाजाच्या अंगाला भिडते, दोन्ही चालत असतानाच जहाजाच्या कुशीतले दार उघडते, आणि त्या बंदराचे पाणी ओळखणारा पायलट दोराच्या शिडीवर पाय टाकून आत येतो. लाट बोटीला वर उचलते त्या क्षणाची तो वाट पाहतो. आईने हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा तिने माझे मनगट घट्ट धरले होते, आणि नंतर प्रत्येक बंदराआधी तिनेच मला उठवले.

---

काका आणि ताई, नमस्कार.

काकांच्या पत्रातील जवळजवळ सर्व गोष्टी मला मान्य आहेत. बाल्कनीबाबत मात्र माझे मत वेगळे आहे. माझ्या वडिलांना गुडघ्यांमुळे फार चालता येत नाही. मोठ्या जहाजाची लांबी ३०० मीटरच्या पुढे जाते (२०२४ मध्ये सुरू झालेले आयकॉन ऑफ द सीज तर ३६५ मीटर लांब आहे), आणि केबिनपासून डेकपर्यंतची एक फेरीसुद्धा त्यांना थकवून टाकते. त्यांना आठवडाभर समुद्र दिसला तो बाल्कनीमुळेच. सासूबाईंचे चालणे कसे आहे, यावर हा निर्णय घ्यावा.

आणखी दोन बाबी लिहिते. साध्या केबिनच्या स्नानगृहाला बहुधा उंच उंबरा असतो, रात्री झोपेत तिथे पाय अडखळतो. आम्ही आतला दिवा चालू ठेवून दार किंचित उघडे ठेवत असू. दुसरी बाब अशी की, जिथे जहाज धक्क्याला न लागता खोल पाण्यात थांबते, तिथे लहान नौकेतून किनाऱ्यावर जावे लागते. ग्रीसच्या सांतोरिनी बेटावर असेच उतरावे लागते. लाटा असतील तेव्हा जहाज आणि नौका यांच्यामधली फट क्षणाक्षणाला बदलते. गुडघे अधू असलेल्या माणसाने त्या दिवशी जहाजावरच राहणे बरे, आणि प्रवासी उतरून गेल्यावर तिथे मिळणारी शांतता वडिलांना फार आवडली. चाकाची खुर्ची किंवा मदतनीस हवा असल्यास आरक्षण करतानाच कळवावे.

---

काका आणि ताई, मनःपूर्वक आभार.

आम्ही मधल्या भागातील, लिफ्टपासून जवळची, बाल्कनीची केबिन मागितली आहे, कारण सासूबाईंना जिने जड जातात. विमान आदल्या दिवशीचे घेतले. औषधाबद्दल गुरुवारी डॉक्टरांना भेटणार आहोत. दोन्ही पत्रे मी सासूबाईंना वाचून दाखवली. मळमळीबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत. तो पायलट नेमका किती वाजता येतो, एवढेच काकांना विचारायला त्यांनी सांगितले आहे.

---

ताई, वेळ बंदरागणिक बदलते. आदल्या रात्री केबिनमध्ये दुसऱ्या दिवसाचे पत्रक येते किंवा जहाजाच्या ॲपवर ते दिसते, त्यात बंदरात पोहोचण्याची वेळ दिलेली असते. तिच्या दीड तास आधी वर जा आणि बोट कोणत्या बाजूने येते हे तिथल्या खलाशाला विचारून घ्या. पहाटे वरच्या डेकवर वारा बोचरा असतो, तेव्हा सासूबाईंसाठी शाल आणि कान झाकणारी टोपी आठवणीने बरोबर घ्या.